हॉटेलवाल्याचे चरित्र आणि मराठीची पंगत

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय मांडला : 'मराठीतील हॉटेल व्यावसायिकांची आत्मकथने'. मुलगा अंबडकडचा. दिवसा वर्गात बसतो आणि संध्याकाळी सहानंतर जालना रस्त्यावरच्या एका महागड्या हॉटेलात वेटरचे काम करतो. विषय समितीपुढे गेला आणि चहा संपायच्या आत निकालात निघाला. शेरा असा : 'विषय वाणिज्य शाखेकडे झुकणारा आहे. साहित्यमूल्याचा विचार व्हावा.' मुलाने निमूटपणे विषय बदलला. आता तो निसर्गकवितेवर लिहितो आहे. त्या समितीत आमच्यापैकीही एक जण होता आणि तो गप्प बसला, हे येथेच सांगून टाकलेले बरे. पुढे जे लिहायचे आहे ते इतरांना उद्देशून आहे तितकेच स्वतःलाही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : हॉटेलवाल्याची कारकीर्द हा मराठी साहित्याच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि महाराष्ट्रात तो फार पूर्वीच व्हायला हवा होता. कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणी कोणाशेजारी बसावे हा प्रश्न ज्या समाजात धर्माचा होता, तेथे पैसे घेऊन येईल त्याला जेवू घालणे हा नुसता धंदा कधीच नव्हता. तो पंगतीवरचा हल्ला होता. अनेकदा पंगतीशी केलेली तडजोडही होती. हल्ला कुठे संपला आणि तडजोड कुठे सुरू झाली, याचा शोध घेणे हे साहित्याभ्यासाचे काम नव्हे, तर मग कोणाचे?

ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी १८९० साल आठवावे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली आणि पुढे ज्यांची नावे छापून आली त्यांत टिळक आणि रानडे हे दोघेही होते. एका कपाने शहर हादरले. ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षे चालली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले म्हणून त्यांच्याच माणसांनी त्यांना बोल लावला. हा प्रसंग आपण वर्गात 'प्रबोधनकाळाची पार्श्वभूमी' म्हणून शिकवतो. मात्र त्यानंतर चहा विकायला बसलेल्या माणसाचे काय झाले, हे आपण शिकवत नाही.

असा एक माणूस कोल्हापुरात होता. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून त्यासाठी मदतही केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यायला लावू लागले. १९२२ साली महाराज गेले. ही गोष्ट त्याआधीच्या काही वर्षांतली.

या गोष्टीचे आपण काय केले ते पाहा. ती राजाच्या औदार्याची आख्यायिका झाली. जयंतीच्या भाषणात ती दरवर्षी सांगितली जाते आणि दरवर्षी गाडीपाशीच थांबते. गाडी निघून गेल्यावर त्या दुकानात काय होत होते? दूध कोण घालत होते? कपबशा कोण विसळत होते? महाराज आले नाहीत त्या दिवशी किती गिऱ्हाईक येत होते, आणि उधारी कोणाची तुंबत होती? महाराष्ट्रातल्या सर्वांत अर्थपूर्ण हॉटेलवाल्याची कारकीर्द आपल्याला दुसऱ्याच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणूनच ठाऊक आहे. राजाचे चरित्र ही साहित्याची वस्तू आणि चहावाल्याचा गल्ला ही वाणिज्य शाखेची, ही वाटणी आपण येथेच करून टाकली. आमच्या समितीचा शेरा काही आकाशातून पडलेला नाही.

आता उलट बाजू पाहू. हॉटेलवाल्याने मराठीत स्वतःच स्वतःचे चरित्र मांडले, तर आपण त्याचे काय करतो? विठ्ठल कामत यांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' हे पुस्तक आवृत्त्यांवर आवृत्त्या निघून घरोघरी पोहोचले. त्यांचे वडील व्यंकटेश कामत यांनी १९५२ साली मुंबईत चर्चगेटला 'सत्कार' सुरू केले. तेथपासून १९९७ साली विलेपार्ल्याला विमानतळाजवळ उभ्या राहिलेल्या 'ऑर्किड' या पंचतारांकित हॉटेलपर्यंतचा हा प्रवास आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी कोसला उघडलेली नाही, त्यांनीही हे पुस्तक वाचलेले असते. कोणत्याही ललित पुस्तकाला हेवा वाटावा असा वाचक त्याला लाभला. आणि मराठी समीक्षेने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. ग्रंथालयाने ते 'प्रेरणादायी' या कपाटात ठेवले आणि आपण सुटकेचा नि:श्वास सोडला.

'यशोगाथा' म्हणून बाजूला सारले की पुस्तक वाचण्याची जबाबदारी संपते. वास्तविक या पुस्तकाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. इडली, ऑर्किड आणि मग मी. इडली हा दक्षिणेकडून मुंबईच्या चाकरमान्यांच्या पोटात आलेला पदार्थ. तो एवढा निर्वेध कसा आला? उडुपी उपाहारगृहांच्या सुरुवातीच्या काळात भटारखान्यात ब्राह्मण स्वयंपाकी असणे ही गिऱ्हाइकाच्या विश्वासाची खूण होती. टेबलावर कोणीही बसावे. चुलीपाशी कोण आहे ते ठाऊक असले म्हणजे झाले. सार्वजनिक पंगत अशा रीतीने उघडली आणि त्याच रीतीने स्वयंपाकघर बंद राहिले. शाकाहारी हॉटेलांच्या भरभराटीमागे कष्ट आहेत, चव आहे, हिशेबाची शिस्त आहे. त्याबरोबर हा सामाजिक करारही आहे. कामतांचे पुस्तक हातात घेऊन हा प्रश्न वर्गात विचारता येतो. तो विचारण्याने लेखकाचा अपमान होत नाही. उलट पुस्तक गंभीरपणे वाचल्याचा मान त्याला मिळतो, जो आपण आजवर दिलेला नाही.

याच्या पुढची पायरी अधिक बोचणारी आहे. कामतांनी निदान मराठीत सांगितले. मुंबईतच एका मराठी आडनावाच्या माणसाने महागड्या हॉटेलांच्या दुनियेत स्वतःचे युग निर्माण केले आणि मराठीला त्याची गंधवार्ताही नव्हती. राहुल आकेरकर यांचे वडील मराठी, आई अमेरिकन. अमेरिकेत विज्ञानाचे उच्च शिक्षण घेताना त्यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलांत काम केले आणि परत येऊन १९९९ साली कुलाब्यात 'इंडिगो' सुरू केले. तोवर पाश्चात्त्य पद्धतीचे उंची जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेलाच्या छपराखालचे जेवण, असे समीकरण होते. पंचतारांकित छपराबाहेर, जुन्या बंगल्यात, शेफच्या नावावर चालणारे उपाहारगृह ही कल्पना मुंबईत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. २०१८ साली इंडिगो बंद झाले तेव्हा त्यांचा त्या कंपनीशी संबंध उरला नव्हता. २०१९ साली लोअर परळमध्ये त्यांनी 'क्वालिया' काढले. उदय, विस्तार, स्वतःच उभारलेल्या घरातून बाहेर पडणे आणि पुन्हा आरंभ : कादंबरीकाराला याहून काय हवे? तरी ही कारकीर्द लिहिली गेली ती इंग्रजी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि गुळगुळीत कागदाच्या मासिकांत. लोअर परळ! जेथे गिरणीचा भोंगा होता तेथे आता वाइनची यादी आहे. गिरण्यांवर आपण कविता लिहिल्या आणि शिकवल्या. त्या जमिनीवर पुढे जेवायला कोण बसले, याविषयी आपल्या साहित्याला फारसे कुतूहल नाही.

यात दोष आकेरकरांचा नाही. त्यांनी मराठीत लिहावे अशी सक्ती कोण करणार? दोष आपल्या भाषेच्या आवाक्याचा आहे, आणि तो आवाका आपणच आखडून घेतला आहे.

याच महागड्या टेबलांवर 'स्टेक' नावाचा पदार्थ येतो. स्टेक म्हणजे जनावराच्या मांसाचा जाड, तंतूंना आडवा कापलेला तुकडा, कडक आचेवर थोडाच वेळ भाजलेला. जगभरच्या मोठ्या शहरांत केवळ याच एका पदार्थावर उंची हॉटेले चालतात आणि ती चालवणारी माणसे लब्धप्रतिष्ठित होतात. मराठीत त्याला शब्द नाही आणि तो नसल्याची कोणाला खंतही नाही. पण शब्दच नाही हे खरे आहे काय? मोठ्या जनावराच्या मांसाच्या भागांना, ते वाळवून साठवण्याच्या रीतींना, त्याच्या वासाला आणि कालवणाला मराठवाड्याच्या बोलीत शब्दांची केवढी रास आहे! वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांचा शब्द ज्यांच्या घरात होता ती मुले आमच्या वर्गात बसतात आणि तो शब्द वर्गात उच्चारत नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हा सारा ठेवा शीर्षकातच पूर्णब्रह्माला आव्हान देत मांडला. साल २०१५. २०२४ साली तो इंग्रजीत आला आणि मग त्यावर देशभर बोलले जाऊ लागले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले स्वयंपाकघर आपल्याला इंग्रजीतून कळावे, ही मराठीच्या प्राध्यापकांसाठी अभिमानाची गोष्ट नव्हे.

२०१५ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये, १९९५ सालापासून रखडलेल्या दुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाल्याचे जाहीर झाले आणि राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. मात्र राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी-रेड्यांचे मांस प्रमाणपत्राच्या अटीवर कायद्याच्या चौकटीत राहिले. परिणाम काय झाला? उंची मेन्यूकार्डावरचा स्टेक म्हशीच्या मांसाचा आधार घेऊन टिकला. भाकड बैल विकायला निघालेला शेतकरी, तो घेणारा कुरेशी आणि तो खाणारी वस्ती यांच्या वाट्याला मात्र संशय आला. एकाच चौकटीतला पदार्थ. कुलाब्यात तो अभिरुची ठरतो आणि येथे तो पोलिसांना उत्तर देण्याची बाब होतो. महागड्या हॉटेलवाल्याचे एक कौशल्य हे असते की तो पदार्थाला नवे नाव देतो आणि नावाबरोबर त्याची जातही पालटतो. शब्दांच्या या उलाढालीचा अभ्यास भाषेच्या लोकांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

आम्ही हे ज्या शहरात बसून लिहितो त्या शहराला हा प्रश्न नवा नाही. बुढीलेनच्या परिसरात तांबूस तर्रीचा नान-खलिया आजही मोठ्या हंड्यांत शिजतो. दौलताबादेला राजधानी आणणाऱ्या तुघलकाच्या लष्कराशी लोक त्याचे नाते सांगतात. तेथून थोड्याच अंतरावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाचा नागसेनवनाचा परिसर आहे. अस्पृश्यतेचे मूळ शोधताना बाबासाहेबांनी १९४८ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गोमांसभक्षणाचा प्रश्न केंद्रस्थानी आणला, हे आपण जाणतो. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघत असे. म्हणजे अन्न, जात आणि वाङ्मय यांचा संबंध उलगडण्यासाठी जेवढी सामग्री या शहराजवळ आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. आणि आम्ही शेरा काय मारतो, तर 'वाणिज्य शाखेकडे झुकणारा'.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : ही पुस्तके बहुधा हॉटेलवाल्यांनी लिहिलेली नसतात, ती सांगितलेली असतात आणि दुसऱ्या कोणी शब्दांकित केलेली असतात. असतील. बहिणाबाईंची गाणी त्यांनी स्वतः लिहिली नव्हती; सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली. म्हणून ती साहित्य नव्हेत असे कोणी म्हणत नाही. दोन्हींची तुलना करण्याचा आमचा मानस नाही. सांगणाऱ्याचे तोंड आणि लिहिणाऱ्याचा हात यांच्यामधली जागा तपासणे हे समीक्षेचे काम आहे, एवढेच दाखवायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आमच्या डाव्या विचाराच्या मित्रांकडून येतो : तुम्ही मालकांची आरती अभ्यासक्रमात आणता आहात. आम्हाला हा आक्षेप मान्य नाही, पण त्यातली भीती मान्य आहे. मालकाचे चरित्र तेवढे वाचायचे ठरवले तर खरोखरच आरती होईल. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली. घरच्या चुलीवर दहा-वीस कामगारांचे डबे रांधणाऱ्या, संपात उधारीवर जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या त्या बायका. हॉटेल चालवणे म्हणजे दुसरे काय असते? त्यांनी भांडवल घातले, जोखीम घेतली, गिऱ्हाईक सांभाळले. तरी त्यांच्या कामाला 'कारकीर्द' हा शब्द लावण्याचे कोणाला सुचले नाही. मालकाच्या चरित्राशेजारी खानावळवालीची हकीकत ठेवली आणि तिच्याशेजारी वेटरची, म्हणजे आरती आपोआप थांबते. ही पुस्तके वाचायचीच नाहीत असे ठरवल्याने मात्र ती थांबत नाही. ती विद्यार्थ्यांच्या खोलीत रात्री चालू राहते, कारण तेथे ही पुस्तके आपल्या परवानगीशिवाय वाचली जातात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हॉटेलवाल्याचे कोणतेही चरित्र वा आत्मकथन वर्गात आणावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. पहिला पैसा कोठून आला? भटारखान्यात कोण आहे, आणि मोरीपाशी भांड्यांच्या ढिगामागे कोण आहे? टेबलावर कोण बसू शकतो, आणि दारावरच्या दरवानाकडे पाहूनच कोण परत फिरतो? आणि मेन्यूकार्डाची भाषा कोणती, त्या भाषेत कोणाच्या घरातला शब्द मावत नाही? कामतांच्या पुस्तकाला हे चारही प्रश्न विचारता येतील. आकेरकरांच्या कारकिर्दीला विचारता येतील. उद्या आपल्या शहरात कोणी खरोखरचे स्टेकहाऊस काढले तर त्यालाही विचारता येतील. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलला ते विचारायला आपण शंभर वर्षे उशीर केला आहे. कोल्हापुरात कागदपत्रे आणि आठवणी धुंडाळणारा एखादा संशोधक अजूनही काही हाती लावू शकेल.

विषय बदलल्यानंतर तो विद्यार्थी एकदा आमच्या खोलीत आला होता. तक्रार करायला नव्हे, निसर्गकवितेची पुस्तके मागायला. आम्ही ओशाळून मूळ विषयाची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "सर, रात्री एकेका टेबलाचं बिल मी महिनाभर घरी पाठवतो त्याच्यापेक्षा जास्त असतं. ते बिल मी दोन्ही हातांनी ठेवतो. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की मालक लोक लिहितात तेव्हा त्यात आम्ही कुठं असतो."

साहित्यमूल्याचा विचार व्हावा, असे समितीने म्हटले होते. याहून अधिक साहित्याचा प्रश्न आम्हाला गेल्या वीस वर्षांत कोणी वर्गात विचारलेला नाही. येत्या बैठकीत हा विषय आम्ही आमच्या सहीने पुन्हा मांडणार आहोत. आणि या वेळी आमच्यापैकी कोणी गप्प बसणार नाही.